गट काढण्याआधी एकमेकांच्या वह्या वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी दहा महिन्यांची आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे. तपासण्यांच्या फेऱ्यांत आणखी चार कुटुंबं भेटली, त्यांची मुलं सहा महिन्यांपासून नऊ वर्षांपर्यंतची. त्यातल्या एका घरच्या वडिलांनी ‘आम्हाला गरज नाही’ म्हणून सांगितलंय, बाकी सगळ्यांना एकत्र यावंसं वाटतंय. पण एकमेकांची दुःखं ऐकून आपण आणखी खचणार नाही ना, ही भीती आहे. पाच घरांचं म्हणणं रुग्णालय किंवा शाळा कशाला ऐकेल, ही शंका आहे. आणि सुरुवात संस्था नोंदवून करायची की आणखी कशाने, हे कळत नाहीये.

मी आधी विशेष शिक्षिका होते, नंतर पालकांबरोबर काम करू लागले. दोन्ही मिळून २६ वर्षं झाली. एवढ्या काळात बरेच पालक-गट सुरू होताना पाहिले आणि त्यातले काही डोळ्यांदेखत विरतानाही पाहिले. विरले त्यांतल्या बहुतेकांनी आधी घटना लिहिली, अध्यक्ष-सचिव ठरवले, बोधचिन्ह काढून घेतलं, आणि मग करायचं काय यावर विचार सुरू केला. टिकले ते कुणाच्या तरी घरी, सतरंजीवर, मुलं मध्ये रांगत असताना सुरू झालेले होते. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नोंदणीची घाई करू नका. देणग्या घ्यायच्या असतील, जागा घ्यायची असेल, पगारी माणूस नेमायचा असेल तेव्हा नोंदणी लागेलच. महिन्यातून एकदा भेटायला ती लागत नाही.

पहिल्या भेटीसाठी मी एकच नियम सांगते: पहिला तासभर कुणी कुणाला सल्ला द्यायचा नाही. हा नियम पाळणं फार जड जातं. नऊ वर्षांच्या मुलीच्या आईकडे सांगण्यासारखं इतकं साठलेलं असतं की सहा महिन्यांचं बाळ दिसताच तिच्या तोंडून सुरू होतं, ‘फिजिओ चालू केली का, जीभ आत घ्यायला शिकवताय का, कान तपासले का?’ ती हे सगळं जिव्हाळ्यानेच बोलते. पण समोरच्या आईच्या डोक्यात अजून तो निदानाचा कागदच फडफडत असतो. तिला त्या दिवशी माहितीपेक्षा ती नऊ वर्षांची मुलगी बघायची असते. ती मुलगी आईच्या पिशवीतून किल्ली शोधून काढते, चपला उलट्या पायांत घालते, थांबते, खाली बघते, पुन्हा बदलून घालते आणि बाळाजवळ येऊन विचारते, ‘हे रडतं का?’ एका नव्या आईने मला नंतर सांगितलं होतं की त्या दुपारी ती दुसरं काहीच ऐकत नव्हती, फक्त त्या मुलीच्या चपलांकडे बघत होती.

खचण्याबद्दल विचारलंत. पहिल्या दोन-तीन भेटींत रडू येतं, येऊ द्या. रडण्याने माणसं खचलेली मी फारशी पाहिली नाहीत. तुलनेने खचलेली मात्र पुष्कळ पाहिली. ‘आमचा चौदाव्या महिन्यात बसला, तुमची अजून नाही?’ हे एक वाक्य एखाद्या कुटुंबाला कायमचं दूर लोटतं. या मुलांच्या वाढीतली तफावत खूप मोठी असते. कुणी दीड वर्षाचं असताना चालतं, कुणी तीन-साडेतीन वर्षांनी. स्नायूंचा ढिलेपणा, हृदयाची शस्त्रक्रिया, रुग्णालयात गेलेले महिने, ऐकू कमी येणं, या सगळ्याचा त्यात हात असतो. आईबापांच्या मेहनतीचं ते प्रगतिपुस्तक नव्हे. वजन-उंचीसाठीसुद्धा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे वेगळे वाढ-तक्ते आहेत. डॉक्टरांकडे ते आवर्जून मागा.

भेटीगाठी सुरू झाल्या की कधी ना कधी दोषाची गोष्ट निघतेच. बहुतेकदा ती आई बोलत नाही, तिच्या शेजारी बसलेलं कुणीतरी सहज बोलून जातं. त्या वेळी गटातल्या कुणाला तरी ठाम आणि अचूक बोलता आलं पाहिजे, म्हणून हे नीट समजून ठेवा. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या जेरोम लेजून, मार्त गोतिए आणि रेमों तुर्पँ यांनी दाखवून दिलं की डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींच्या पेशींत २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन असतात. सुमारे ९५ टक्के जणांत हे बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी वेगळी न झाल्यामुळे घडतं. गरोदरपणात आईने काय केलं, काय केलं नाही, याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तीन-चार टक्के जणांत ‘ट्रान्सलोकेशन’ असतं, म्हणजे २१व्या गुणसूत्राचा जादा भाग दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. त्यातल्या काहींमध्ये तो आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. म्हणून मुलीचा कॅरिओटाइपचा, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा, अहवाल हातात असू द्या आणि पुढच्या मुलाचा विचार असेल तर जनुकीय समुपदेशकाला भेटा. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं आहे. पण मुळात जास्त बाळंतपणं तरुण वयात होतात, त्यामुळे यातली बरीच मुलं तरुण आयांच्या पोटी जन्मतात. ‘उशिरा मूल झालं ना, म्हणून’ असं कुणी म्हणालं की हे सांगायचं, आणि आईला ते सांगावं लागू नये.

आता वहीची गोष्ट सांगते, कारण पाच घरांचं कोण ऐकेल या तुमच्या शंकेचं उत्तर तिच्यात आहे.

एका गटात सात वर्षांच्या मुलाची आई यायची. मुलगा वर्गात डुलक्या घ्यायचा, जागा झाला की चिडायचा, पेन्सिली फेकायचा. शाळेने त्याच्यावर ‘वर्तन समस्या’ असा शिक्का मारला होता. एका डॉक्टरांनी तर हसून सांगितलं होतं, ‘डाउनची मुलं हट्टी असतातच हो.’ आई हे सगळं गटात सांगत होती, तेव्हा दुसऱ्या एका आईने मध्येच विचारलं, ‘झोपतो कसा तो?’ ती म्हणाली, ‘बसून. मांडी घालतो आणि पुढे वाकून कपाळ गादीला टेकवतो. आम्ही सरळ केलं की पुन्हा तसाच.’ खोलीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग आणखी दोघी म्हणाल्या, ‘आमचाही तसाच झोपतो.’

श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून मूल स्वतःच शोधून काढतं ती ही झोपण्याची पद्धत. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत चेहऱ्याचा मधला भाग लहान असतो, स्नायू ढिले असतात, टॉन्सिल आणि नाकामागच्या अॅडेनॉइड गाठी कमी जागेत दाटलेल्या असतात. त्यामुळे झोपेत श्वास अडकणं, ज्याला स्लीप अॅप्निया म्हणतात, त्यांच्यात फार मोठ्या प्रमाणावर आढळतं. त्या आईला आम्ही एक साधी शाळेची वही दिली. चौदा रात्री तिने आणि तिच्या नवऱ्याने पाळी लावून लिहिलं: किती वाजता झोपला, किती वेळा उठून बसला, घोरणं मध्येच थांबून किती सेकंदांनी पुन्हा सुरू झालं. दोन रात्रींचं फोनवर चित्रण केलं. ती वही घेऊन ते कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे गेले. या वेळी ‘हट्टी असतातच’ असं कुणी म्हणालं नाही. स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभराच्या झोपेची तपासणी झाली, टॉन्सिल-अॅडेनॉइडची शस्त्रक्रिया झाली. श्वासाचा त्रास पूर्ण गेला नाही, पुढे काही काळ रात्री मास्कचं यंत्र लावावं लागलं, पण वर्गातल्या डुलक्या थांबल्या. आणि त्या दोन आयांनीही आपापली वही सुरू केली.

प्रत्येक तक्रार सिंड्रोमच्या खात्यावर टाकून मोकळं होणं, हा या मुलांच्या वाट्याला येणारा सगळ्यात मोठा अन्याय आहे असं मी मानते. ‘बोलत नाही, डाउन आहे ना.’ अरे, पण कानात पाणी साचलं असेल तर? या मुलांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात, मधल्या कानात चिकट द्राव साठतो आणि महिनोन्‌महिने ऐकू कमी येतं. ‘मंद झाला, सुस्त झाला.’ थायरॉइड बघितलं का? ‘चालता चालता पडायला लागला, लघवीवरचा ताबा गेला.’ हे तर ताबडतोब दाखवायचं लक्षण आहे, कारण मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा यांच्यात सैल असू शकतो आणि मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही शस्त्रक्रियेआधी ही गोष्ट न विसरता सांगायची असते.

तुमच्या मुलीपुरतं बोलायचं तर दहाव्या महिन्यापर्यंत टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झालेला असायलाच हवा, छातीत आवाज ऐकू आला असो वा नसो. जवळपास निम्म्या बाळांना जन्मतः हृदयदोष असतो आणि काही दोष सुरुवातीला बाहेरून काहीच दाखवत नाहीत. थायरॉइड जन्मानंतर, सहाव्या महिन्यात, वर्षाची झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. कान आणि डोळे नियमित. चौथ्या वर्षापर्यंत एकदा स्लीप स्टडी, घोरत नसली तरीही. हे सगळं एका पानावर लिहून पाचही कुटुंबांनी आपापल्या वहीत चिकटवा आणि दर तीन महिन्यांनी भेटीत ती पानं एकमेकांना दाखवा. कुणाच्या पानावर कोणती चौकट रिकामी आहे, आणि का, हे विचारा. एकीला तपासणी सांगितलीच गेली नव्हती, दुसरीला तारीख मिळत नाहीये, तिसरीकडे जाणं-येणं झेपत नाहीये. असं चार घरांत निघालं की तो एका घरचा हलगर्जीपणा राहत नाही. तुमची पहिली मागणी तिथे तयार झालेली असते.

मागणी कशी करायची, याचंही एक उदाहरण देते. आमच्या भागातल्या एका रुग्णालयात निदान सांगायची रीत फार वाईट होती. वडिलांना एकट्याला बाहेर बोलावून व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगायचे, आणि मग त्या माणसाने आत जाऊन बायकोला सांगायचं. गटातल्या सहा जणांनी हाच अनुभव घेतला होता. काहींना आंदोलन करायचं होतं, वर्तमानपत्रात द्यायचं होतं. त्यांचा राग अगदी रास्त होता. शेवटी ठरलं असं: आधी सहाही कुटुंबांनी आपला प्रसंग अर्ध्या अर्ध्या पानात लिहायचा, विशेषणं न लावता. मग विभागप्रमुखांना भेटून चारच गोष्टी मागायच्या. आई-वडिलांना एकत्र सांगा. बंद खोलीत, बसून सांगा. बाळ आईच्या मांडीवर असू द्या आणि त्याचा उल्लेख नावाने करा. आणि निघताना त्यांच्या हातात आमचा फोन नंबर द्या, आम्ही कधीही बोलू. विभागप्रमुखांनी ती सहा अर्धी पानं तिथेच वाचली. चौथं पान वाचून त्यांनी चष्मा काढून ठेवला. पुढच्या महिन्यात आम्हाला परिचारिका आणि निवासी डॉक्टरांशी बोलायला बोलावलं गेलं.

यातून मी शिकले ते असं की मागणी एका वेळी एकच विषयाची असावी, ती ज्याच्या अधिकारात आहे त्याच माणसाकडे न्यावी, आणि उठताना पुढच्या भेटीची तारीख घेऊनच उठावं. भेट झाली त्याच संध्याकाळी काय ठरलं ते चार ओळींत लेखी कळवा. लेखी नसलेलं आश्वासन माणूस बदलला की संपतं.

संख्या लहान आहे म्हणून संकोचू नका. १९४६ मध्ये इंग्लंडमध्ये ज्युडी फ्राइड नावाच्या आईने एका मासिकाला पत्र लिहिलं. तिच्या मुलीला बौद्धिक अपंगत्व होतं, शाळेत जागा नव्हती, आणि अशाच इतर पालकांनी संपर्क साधावा एवढंच तिचं म्हणणं होतं. त्या पत्रातून उभी राहिलेली पालकांची संघटना आज ‘मेनकॅप’ नावाने ओळखली जाते. संशोधनसुद्धा कधी कधी असंच सुरू होतं. १९८०च्या सुमारास इंग्लंडमधल्याच एका वडिलांनी सू बकली या मानसशास्त्रज्ञांना कळवलं की डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीला ते लहानपणापासून शब्दांच्या पट्ट्यांवरून वाचायला शिकवत आहेत आणि तिचं बोलणं त्यामुळे सुधारतंय. बकलींनी ते गांभीर्याने घेतलं. ऐकलेलं लक्षात ठेवणं या मुलांना जड जातं आणि पाहिलेलं त्या मानाने चांगलं लक्षात राहतं, म्हणून लिखित शब्द हा त्यांच्यासाठी बोलण्याकडे नेणारा रस्ता होऊ शकतो, ही समज पुढच्या कामातून पक्की होत गेली. त्याआधी ‘ही मुलं वाचणार नाहीत’ हे जवळजवळ गृहीतच होतं.

शाळेकडे जाल तेव्हा हीच समज बरोबर न्या. ‘आमच्या मुलाला सांभाळून घ्या’ ही विनवणी करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, २४व्या कलमात, समावेशक शिक्षण हा हक्क म्हणून मांडलेला आहे आणि जगातल्या बहुतेक देशांनी त्या करारावर मान्यतेची मोहोर उठवली आहे. तुमच्या देशातल्या कायद्यात तो कसा उतरलाय ते गटातल्या एकाने नीट वाचून ठेवावं. पण वर्गशिक्षिकेसमोर कायदा आपटण्याआधी तिला कामाचं काहीतरी द्या: सूचना एका वेळी एकच, तीही चित्र किंवा लिहिलेल्या शब्दासह; उत्तर द्यायला दहा सेकंद थांबा, मनात मोजा; पुढच्या बाकावर, बोलणाऱ्याचा चेहरा दिसेल असं बसवा. तोंडाने बोलता येत नाही तोवर हातांच्या खुणा वापरू द्या, खुणांमुळे बोलणं लांबत नाही. आणि एक गोष्ट जरा कळकळीने सांगते. मुलाला सतत चिकटून बसणारी मदतनीस मागताना दहा वेळा विचार करा. मोठं माणूस कायम शेजारी असलं की बाकीची मुलं जवळ येत नाहीत. मी अशी मुलं पाहिली आहेत जी पाच वर्षं त्याच शाळेत होती आणि मधल्या सुट्टीत ज्यांच्याबरोबर खेळायला मदतनीस बाईंशिवाय कुणी नव्हतं.

शब्दांबद्दलही बोलायला हवं. जॉन लँगडन डाउन या इंग्लिश डॉक्टरांनी १८६६ मध्ये या स्थितीचं वर्णन केलं तेव्हा चेहऱ्यावरून मंगोल वंशाशी नातं जोडणारा ‘मंगोलिझम’ हा शब्द रूढ झाला आणि तो शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिला. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून तो बदलायला सांगितलं, मंगोलियाच्या विनंतीनंतर १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. आपल्या बोलण्यातही ‘वेडसर’, ‘मंदबुद्धी’, ‘देवाघरचं लेकरू’ असे शब्द आहेत. शेवटचा शब्द प्रेमाने वापरला जातो हे मला ठाऊक आहे. तरीही मी तो टाळते, कारण देवाघरच्या लेकराकडून कुणी काही अपेक्षा करत नाही, त्याला कुणी कामावर ठेवत नाही आणि त्याच्यावर कुणी रागावतही नाही. ‘डाउनची मुलगी’ म्हणण्याऐवजी ‘डाउन सिंड्रोम असलेली मुलगी’ म्हणा. त्याहून बरं म्हणजे तिला तिच्या नावाने हाक मारा. घरातल्या आजी-आजोबांना हे एकदा शांतपणे सांगा. ते बदलतात, आपल्याला वाटतं त्याहून लवकर बदलतात.

भावंडांकडे गटाचं लक्ष सगळ्यात उशिरा जातं. २०११ मध्ये अमेरिकेत ब्रायन स्कॉटको आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका मोठ्या पाहणीत ८२२ भावंडांनी उत्तरं दिली; बहुतेकांनी आपल्या भावाबद्दल किंवा बहिणीबद्दल प्रेम आणि अभिमान नोंदवला. ही कुटुंबं डाउन सिंड्रोमसाठी काम करणाऱ्या संस्थांशी जोडलेली होती, हेही ध्यानात ठेवा. एकट्या पडलेल्या घरांतलं चित्र त्यातून कळत नाही. माझ्याकडे आलेली एक दहा वर्षांची ताई सगळ्यांसमोर गुणी होती आणि एकटी असताना म्हणाली, ‘आईला मी बोलले तर तिला आणखी त्रास होईल.’ वर्षातून दोनदा फक्त भावंडांसाठी भेट ठेवा, त्यात आईबाप नकोत. त्यांना राग आणि लाज दोन्ही मोठ्याने बोलता आलं पाहिजे.

गट मोठा होऊ लागला की काही गोष्टी हमखास येतात. कुणीतरी जीवनसत्त्वांचं महागडं मिश्रण किंवा स्टेम सेलचे ‘उपचार’ घेऊन येईल आणि मुलाची बुद्धी वाढल्याची चित्रफीत दाखवेल. जादा गुणसूत्र काढून टाकणारं कोणतंही औषध नाही. गटाच्या नावाने अशी एकही गोष्ट विकू देऊ नका, सांगणारा कितीही जवळचा असला तरी. दुसरं म्हणजे यशोगाथा. ख्रिस निकिक या तरुणाने २०२० मध्ये आयर्नमॅन ही पोहणं, सायकल आणि धावणं अशी लांब पल्ल्याची शर्यत पूर्ण केली, डाउन सिंड्रोम असलेला तो पहिला माणूस. मला त्याचं मनापासून कौतुक आहे. पण दर आठवड्याला अशीच गोष्ट पाठवली गेली की ज्या घरात बारा वर्षांचा मुलगा अजून बोलत नाही, ज्याला डाउन सिंड्रोमबरोबर स्वमग्नताही आहे, ते घर आवाज न करता गटातून निघून जातं. माझ्या हिशेबाने गटाची कसोटी तिथे लागते. ज्या कुटुंबाचं सगळ्यात कठीण चाललंय त्यांच्या सोयीने भेटीची वेळ आणि जागा ठरवा.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. पालक-गट हा मुळात पालकांचा आवाज असतो, आणि वीस वर्षांनीही तो तसाच राहतो. एका बैठकीत डाउन सिंड्रोम असलेल्या २४ वर्षांच्या एका तरुणाला कुणीतरी विचारलं, ‘तुला कोणतं काम आवडेल?’ सवयीने आई उत्तर देऊ लागली, ‘त्याला ना, कागदाच्या पिशव्या...’ त्याने आईच्या दंडावर हात ठेवला, वाक्य जुळवायला वेळ घेतला, आणि म्हणाला, ‘आई, मला विचारलं. पिशव्या नको. लोक येतात तिथे.’ त्याला माणसांची ये-जा असलेली जागा हवी होती. तीन वर्षं तो घरात बसून पिशव्या चिकटवत होता आणि आम्ही सगळे त्याचं कौतुक करत होतो. त्या दिवसानंतर आम्ही बैठकीत अशा तरुणांपैकी दोघांना कायमची जागा दिली. विषय आधी सोप्या वाक्यांत आणि चित्रांत लिहून द्यायचे, बोलायला वेळ द्यायचा, आणि त्यांचं बोलणं कुणी ‘समजावून सांगायचं’ नाही. बैठका लांबल्या. आमच्या मागण्यांचा क्रमही बदलला: आम्ही वसतिगृहावर अडून बसलो होतो, त्यांना आधी एकट्याने बसने जायला शिकायचं होतं.

फ्रान्समधल्या आरास शहरात २०२० मध्ये एलेओनोर लालू नगरपरिषदेवर निवडून आल्या. स्पेनमध्ये मार गाल्सेरान २०२३ मध्ये वॅलेन्सियाच्या प्रादेशिक संसदेत गेल्या. दोघींनाही डाउन सिंड्रोम आहे. तुमच्या मुलीने निवडणूक लढवावी असं मी म्हणत नाही. करायचं आत्ता, या वयात आहे. दोन खेळणी समोर धरा आणि ती कोणत्याकडे हात नेते याची वाट बघा. तीन वर्षांची झाली की कपडे ती निवडेल. डॉक्टरांनी ‘कशी आहे?’ विचारलं की आधी तिच्याकडे बघा. अठराव्या वर्षी सगळे निर्णय पालकांच्या नावावर करून घेण्याचा सल्ला मिळेल, तेव्हा पाठिंबा घेऊन स्वतः निर्णय घेण्याचे मार्गही शोधा; संयुक्त राष्ट्रांच्या त्याच करारातलं १२वं कलम तेच सांगतं.

एवढ्या पुढचं बोलते, कारण आयुष्य आता लांबलंय. अमेरिकेतल्या नोंदींत १९८३ मध्ये सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं, आज ते ६० च्या घरात आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि संस्थेऐवजी घरात वाढणं, दोन्हीचा त्यात वाटा आहे. म्हणजे ही मुलं आईवडिलांच्या मागे राहणार. अल्झायमरशी जोडलेलं एक जनुक २१व्या गुणसूत्रावरच असल्याने त्यांच्यात तो आजार लवकर आणि जास्त प्रमाणात येतो. तिशी-पस्तिशीत ती व्यक्ती अंघोळ, कपडे, बोलणं, रस्ता हे सगळं कसं करते याची नोंद आणि थोडं चित्रण ठेवलं, तर पुढे फरक पडला तेव्हा ताडून बघता येतं. ही त्याच वहीची पुढची पानं. तुमच्या गटात एखादं चाळिशीतल्या मुलाचं वृद्ध कुटुंब असेल तर त्यांना पुढे बसवा. नव्या पालकांना त्यांच्याकडे बघायची भीती वाटते, ती दोन भेटींत जाते.

पहिली भेट या महिन्यातच ठेवा. प्रत्येकाने एक वही आणावी आणि पहिल्या पानावर निदान न लिहिता बाळाला सध्या काय आवडतं ते लिहावं. वडिलांना वेगळं आमंत्रण द्या, ‘आई येतीलच, तुम्हीही या’ असं नको.

आणि ‘आम्हाला गरज नाही’ म्हणालेल्या त्या वडिलांना सोडू नका, मागेही लागू नका. दर महिन्याला फक्त भेटीची वेळ आणि पत्ता कळवा. का आला नाहीत, हे विचारू नका. आमच्याकडे एका बाबांना असे चौदा निरोप गेले होते, एकाचंही उत्तर आलं नव्हतं. पंधराव्या वेळी ते अर्धा तास उशिरा दारात उभे होते, मुलगा कडेवर, आणि म्हणाले, ‘मागचे सगळे वाचले होते मी.’